द्विवचनाचा खेळ

नांदेड आणि लातूर या दोन गांवीं ज्या घरांत पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्या घरांतील वडील माणसांचें लक्ष सध्यां एकाच गोष्टीवर खिळलेलें असतें. दहावीचा निकाल लागला कीं मुलाला कोणत्या शिकवणीच्या वर्गांत घालावयाचें, आणि दोन वर्षांनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत तो किती गुण मिळवील, याचा हिशेब सुरू होतो. 'लातूर पॅटर्न' हें नांव आतां साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचें झालें आहे. त्या पद्धतीनें अनेक सामान्य घरांतून डॉक्टर व इंजिनीयर निघाले, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. अशा घरांत एखादा मुलगा सायंकाळीं रॅकेट घेऊन बाहेर पडतो, जिल्ह्याच्या स्पर्धेंत नांव काढतो, आणि एके दिवशीं आजोबांपुढें येऊन म्हणतो, "मला खेळच पुढें न्यावयाचा आहे." त्यानंतर घरांत जी शांतता पसरते ती आम्हीं पाहिली आहे. मुलगा दुहेरी खेळणारा असेल तर शांततेनंतर येणारा प्रश्नहि ठराविक असतो. लातूरच्या एका वृद्ध वकिलांनीं तो आम्हांस नेमक्या शब्दांत विचारला: "गुरुजी, एकटा खेळून हरला तर त्याचें नशीब म्हणूं. पण दुसऱ्याच्या चुकीनें आमचा नातू हरला, तर त्याचा जाब आम्हीं कोणास विचारावा?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून मुंबईच्या चिराग शेट्टी या तरुणाच्या कारकीर्दीकडे आम्हीं जरा बारकाईनें पाहिलें. दुहेरी बॅडमिंटनमध्यें जगांत पहिल्या स्थानावर पोहोंचलेल्या पहिल्या भारतीय जोडीचा तो अर्धा भाग आहे. आणि 'अर्धा भाग' या शब्दांतच सारी गोम आहे.

संस्कृत शिकूं लागलेल्या मुलास पहिली अडचण द्विवचनाची पडते. एक समजतो, अनेक समजतात. पण दोघांसाठीं निराळें रूप कशाला, असें तो विचारतो. मराठीनें तर तें टाकूनच दिलें. परंतु जुन्या लोकांना कांहीं जोड्या अशा दिसल्या कीं त्यांना 'एक आणि एक' म्हणणें अपुरें वाटलें. आईबापांना 'पितरौ' म्हटलें, आणि देवांचे वैद्य जे अश्विनीकुमार ते तर कायमचे द्विवचनांतच राहिले. त्यांतील एकाचें कर्तृत्व कोणतें व दुसऱ्याचें कोणतें हें निवडणें कठीण. दुहेरीचा खेळ हा असा द्विवचनी आहे. दोन चांगले एकेरी खेळाडू शेजारीं उभे केल्यानें तो साधत नाहीं.

याचें कारण मैदानाच्या मापांतच आहे. एकेरीचें मैदान ५.१८ मीटर रुंद, दुहेरीचें ६.१० मीटर, लांबी दोहोंची १३.४० मीटर. म्हणजे माणसें दुप्पट झालीं, पण रुंदी वाढली ती जेमतेम तीन फूट. त्यामुळें धांव कमी पडते, पण विचार करण्यास वेळ जवळजवळ उरत नाहीं. सर्व्हिस करतांना मागची रेषा ७६ सेंटिमीटर पुढें आणलेली असते. म्हणून फूल उंच व लांब टाकून सुटका नाहीं, तें जाळीला लागलेंच असें वाटावें इतकें खालून न्यावें लागतें. चढाई करतांना दोघांनीं एकामागें एक उभें राहावयाचें, बचाव करतांना शेजारीं शेजारीं. आणि हा पालट एका फटक्याच्या अवकाशांत, तोंडानें शब्द न काढतां व्हावयास हवा. मागच्यानें जोराचा फटका मारला, समोरच्यानें कसाबसा परतविला, आणि पुढच्यानें तो जाळीवरच टिपला. हा गुण कोणाचा? गुणफलक तरी तें सांगत नाहीं.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाहीं. त्याचे आरंभींचे नियम १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या छावणींत बांधले गेले, व कांहीं काळ त्याला 'पूना' असेंच म्हणत. पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर क्रिकेटसाठीं सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या मुलींनीं १९४० नंतरच्या दशकांत बॅडमिंटनचीं राष्ट्रीय विजेतेपदें घरीं आणलीं, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूरची सेलंगर स्पर्धा जिंकली. त्यांच्या सहा राष्ट्रीय एकेरी विजेतेपदांचा उल्लेख नेहमीं होतो. पुरुष दुहेरीचीं सहा आणि मिश्र दुहेरीचीं पांच मिळून अकरा, तीं चरित्राच्या तळटीपेंत जातात. लोकांची ही एकवचनाची संवय जुनी आहे.

चिरागचा जन्म ४ जुलै १९९७ चा, मुंबईचा. गोरेगांवांत उदय पवार यांच्या प्रबोधिनींत त्याचा हात तयार झाला, आणि पुढें तो हैदराबादेस पुल्लेला गोपीचंद यांच्याकडे गेला. हैदराबाद हें नांव आलें कीं आमच्या भागांतील वडीलधारी माणसें किंचित् सरसावून बसतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यांतच होता; आमच्या वडिलांच्या पिढीला उच्च शिक्षण म्हणजे उस्मानिया विद्यापीठ. नांदेडहून हैदराबाद आजहि मुंबईच्या मानानें जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. मुंबईचा मुलगा ज्या विद्येसाठीं तेथवर गेला, ती आमच्या मुलांच्या एका रात्रीच्या प्रवासावर आहे, याची मौज वाटते.

त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी आंध्रांतील अमलापुरमचा, १३ ऑगस्ट २००० चा. वयानें तीन वर्षांनीं लहान, वडील व्यायामशिक्षक. हें अमलापुरम गोदावरीच्या मुखाशीं, कोनसीमेंत आहे. नांदेडच्या घाटावरून जें पाणी जातें तें पुढें त्याच मुलखांत समुद्राला मिळतें. जोडी जमविली ती मात्र तिसऱ्याच देशाच्या माणसानें. टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकांनीं २०१५-१६ च्या सुमारास या दोघांना एकत्र आणलें. त्या वेळीं पुष्कळांना हें स्थळ जुळण्यासारखें वाटलें नव्हतें. कारण दोघेहि उंचेपुरे, दोघेहि मागें राहून जोरानें मारणारे. दोघांनीं मागें थांबण्याचा हट्ट धरला तर जाळी सांभाळणार कोण? हळूहळू चिरागनें पुढची जागा धरली. सात्विकचा फटका किती जबर आहे याची चाचणी १४ एप्रिल २०२३ रोजीं जपानांत झाली. ताशीं ५६५ किलोमीटर हा वेग गिनेसच्या नोंदींत गेला. चिरागच्या नांवावर असा आंकडा नाहीं. जो पुढें उभा राहून दुसऱ्याच्या फटक्याला वाट करून देतो, त्याच्या कामाचें माप कोणत्या यंत्रानें घ्यावें? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना याचें निराळें स्पष्टीकरण नको. प्रत्येक मोठ्या घरांत मिळविता एक असतो आणि घर सावरणारा दुसराच असतो.

२०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें, २०१९ मध्यें थायलंडची खुली स्पर्धा जिंकली. मग टोकियो. वकीलसाहेबांचा प्रश्न खरा येथें लागू पडतो. २०२१ मध्यें झालेल्या त्या ऑलिंपिकांत गटांतील तीन सामन्यांपैकीं दोन त्यांनीं जिंकले; एक इंडोनेशियाच्या अव्वल जोडीशीं हरले. गटांतील आणखी दोन जोड्यांचेहि दोन दोन विजय झाले, आणि जिंकलेल्या-हरलेल्या डावांची वजाबाकी करून या दोघांना बाहेर काढण्यांत आलें. ज्या तैवानी जोडीला, ली यांग व वांग ची-लिन यांना, त्यांनीं त्याच गटांत हरविलें होतें, तिनेंच पुढें सुवर्णपदक पटकाविलें. येथें जोडीदाराची चूक कोठें होती? तीन सामन्यांत दोन विजय, आणि घरीं परत! अशा वेळीं पुष्कळ जोड्या मोडतात. ही मोडली नाहीं.

१५ मे २०२२ रोजीं बँकॉक येथें भारतानें इंडोनेशियाला ३-० असें हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. १९४९ पासून चालत आलेली ही स्पर्धा. त्या अंतिम फेरींत मधला सामना या जोडीचा होता. पहिला डाव १८-२१ असा गमावून पुढचे दोन त्यांनीं २३-२१, २१-१९ असे ओढून आणले. त्याच वर्षीं राष्ट्रकुलाचें सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेंतील कांस्य. २०२३ तर त्यांचेंच वर्ष: आशियाई विजेतेपद, इंडोनेशियाची मोठी स्पर्धा, कोरियाची स्पर्धा, आणि ७ ऑक्टोबर रोजीं हांगचौ येथें आशियाई खेळांत बॅडमिंटनचें भारताचें पहिलें सुवर्ण. त्याच महिन्यांत ते जागतिक क्रमवारींत पहिले झाले, आणि त्या वर्षाचा खेलरत्न पुरस्कार दोघांना मिळून देण्यांत आला.

जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें क्रिकेटच्या विश्वविजेत्या संघास अकरा कोटींचें पारितोषिक जाहीर केलें, तेव्हां चिरागनें उघड विचारलें कीं थॉमस चषक हाहि विश्वचषकाच्याच तोलाचा असतां आपल्या राज्यानें त्याची दखल कां घेतली नाहीं. कित्येकांस हें बोलणें रुचलें नाहीं. आम्हांस तें रास्त वाटलें. मानधन मागणें व मान मागणें यांत अंतर आहे. आणि ज्या राज्यानें या खेळाचे नियम जन्मतां पाहिले, त्याला हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याच्या मुलास नाहीं तर कोणास?

वकीलसाहेबांना आम्हीं सांगितलें तें असें. जोडीदाराच्या चुकीपेक्षां जोडीदाराच्या दुखण्याचें भय धरा. मार्च २०२५ मध्यें ऑल इंग्लंड स्पर्धेंत चिरागच्या पाठीनें दगा दिला आणि सामना अर्धा टाकावा लागला. पाठ एकाची दुखली, पण बाहेर दोघे गेले. त्याच्या आधीं सात्विकच्या खांद्यानें चिरागला असेंच बसवून ठेवलें होतें. दुहेरींत उतरणाऱ्या मुलास हें आधींच ठाऊक असावें. दुसरी गोष्ट सरावाची. लातूरचा मुलगा आणि नांदेडचा जोडीदार असें ठरवून भागत नाहीं; रोजचा सराव एका छताखालीं हवा. आणि येथें आमच्या घरांना एक जुनी रीत उपयोगी पडेल. पूर्वीं खेड्यांतील विद्यार्थी वार लावून जेवत, आणि सात घरें मिळून एक विद्वान् घडवीत. आतां सात घरांची गरज नाहीं. ज्या घरांत नातू खेळतो त्या घरांत त्याच्या जोडीदाराचें एक पान वाढलें तरी पुरे. तेराव्या वर्षींच मुलास परगांवीं पाठविण्याची घाई आम्ही कोणास करूं देणार नाहीं. मात्र बारावीच्या नांवाखालीं दोन वर्षें रॅकेट कपाटांत बंद करणें म्हणजे तिला कायमचें कुलूप घालणेंच होय. सोळा ते अठरा याच वयांत दोघांचीं पावलें एकमेकांस ओळखूं लागतात. वकीलसाहेबांना हें सारें पटलें असें नाहीं. "वर्गाचे पैसे भरले आहेत," इतकेंच ते म्हणाले.

ऑगस्ट २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकांत चिराग व सात्विक पदकाच्या उंबरठ्यावर होते. उपांत्यपूर्व सामन्यांत मलेशियाच्या ॲरन चिया व सो वूई यिक यांच्याविरुद्ध पहिला डाव २१-१३ असा जिंकून पुढचे दोन १४-२१, १६-२१ असे त्यांनीं गमावले. बरोबर एका वर्षानें, ऑगस्ट २०२५ मध्यें, जागतिक स्पर्धा त्याच शहरांत, त्याच क्रीडागृहांत भरली. फेरी पुन्हा उपांत्यपूर्वच, आणि जाळीपलीकडे उभी तीच मलेशियन जोडी. या वेळीं हे दोघे सरळ दोन डावांत जिंकले, आणि दुसरें जागतिक कांस्यपदक घेऊन परतले.