काडेपेटीवरचे गाव

देवघरात निरांजन लावायला काडेपेटी हातात घ्याल, तेव्हा एकदा ती उलटून पाहा. बारीक अक्षरांत छापलेला पत्ता बहुधा शिवकाशी, सात्तूर नाही तर कोविलपट्टीचा असेल. तामिळनाडूच्या दक्षिण टोकाकडची ही गावे एकमेकांच्या शेजारचीच. आपल्याकडे दिवाळीत मुले उडवतात ते भुईनळे आणि लवंगीच्या माळा शिवकाशीच्याच. देशातल्या दहा फटाक्यांपैकी साधारण नऊ तिथले असतात. एवढेच काय, दुकानदाराने भेट दिलेले, भिंतीवरचे लक्ष्मीचे कॅलेंडरही पुष्कळदा तिथेच छापलेले असते.

आश्चर्य असे, की या गावाजवळ बंदर नाही, मोठी नदी नाही, खाणी नाहीत. काड्यांचे मऊ लाकूडसुद्धा केरळातून यायचे. मग एवढा उद्योग तेथेच का वाढला?

याचे उत्तर आकाशात आहे. सह्याद्री ओलांडेपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतले पाणी बरेचसे सांडून जाते. पलीकडे राहतात कोरडी हवा आणि रखरखीत ऊन. शेतकऱ्याला शाप वाटणारे हेच ऊन काडी, गोंद आणि कागद वाळवायला मात्र फुकटची भट्टी ठरले. (कोकणातल्या गृहिणीला आषाढात काडेपेटी चुलीच्या उबेला का ठेवावी लागते, हे वेगळे सांगायला नको!) शेतीचा भरवसा नसल्याने कामाच्या शोधात असलेले हातही गावोगाव होतेच.

पण केवळ उन्हाने कारखाने उभे राहत नाहीत. 1922 साली सरकारने परदेशी आगपेट्यांवर जबर आयात कर बसवला. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोन तरुण नातलग कलकत्त्याला गेले, आगपेट्या बनवण्याची विद्या शिकले आणि 1923 मध्ये त्यांनी गावात कारखाना काढला. गंमत म्हणजे त्याच वर्षी स्वीडिश भांडवलाची विमको कंपनी हिंदुस्थानात स्थापन झाली आणि तिचा यंत्रांवर चालणारा कारखाना आपल्या अंबरनाथला उभा राहिला. एकीकडे यंत्रे, दुसरीकडे बायकामाणसांची बोटे! स्वातंत्र्यानंतर सरकारने हातकामाच्या आगपेट्यांवर अबकारी कर कमी ठेवला, म्हणून तर बोटांचा टिकाव लागला.

पुढची साखळी तर मोठी मजेदार आहे. पेटी म्हटली की तिच्यावर चित्र हवे. मोर, वाघ, किल्ली अशी चित्रे पाहूनच अडाणी गिऱ्हाईक माल ओळखत असे. ही लेबले गावातच छापावीत म्हणून छापखाने आले. काडीच्या गुलाचे रसायन हाताळणाऱ्यांना फटाके अवघड नव्हते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी फटाके येईनासे झाले आणि त्या धंद्याने जोर धरला. त्यांनाही लेबले हवीत, खोकी हवीत. छापखाने वाढले, तसे यंत्रे दुरुस्त करणारे आले, शाईवाले आले, कागदाचे व्यापारी आले. मग नुसत्या लेबलांवर का थांबावे? कॅलेंडरे, डायऱ्या, वह्या सुरू झाल्या. नव्याने धंदा काढणाऱ्याला कारागिरापासून खोक्यापर्यंत सारे एकाच पेठेत मिळू लागले. दुसऱ्या गावात ऊन असेल; ही पेठ कोठून आणणार? शिवकाशीला ‘कुट्टी जपान’, म्हणजे छोटे जपान म्हणतात, ते यामुळेच.

या एकवटलेपणाची किंमतही त्याच गावांनी मोजली. काड्या भरायला लहान मुलांची बोटे चपळ म्हणून वर्षानुवर्षे मुलेच कामाला लावली गेली. अखेर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाकडून दर मुलामागे 20,000 रुपये वसूल करण्याचा आदेश दिला. 5 सप्टेंबर 2012 रोजी, ऐन दिवाळीच्या हंगामात, मुदलीपट्टीच्या कारखान्यातल्या स्फोटाने जवळजवळ 40 जणांचा बळी घेतला. असे स्फोट पुढेही होतच राहिले. तरी दुसऱ्या दिवशी माणसे कामावर जातात, कारण पंचक्रोशीत दुसरे काम आहेच कोठे?

2018 मध्ये न्यायालयाने बेरियमचे फटाके बंद करून कमी धुराचे तेवढे ठेवले. दिल्लीकरांच्या छातीसाठी ते हवेच होते; आपल्याही घरात दम्याची माणसे आहेत. पण फुलबाजी ते भुईचक्र, साऱ्यांत बेरियम. सारे गाव एकाच धंद्यावर उभे असले, की दूरच्या शहरातला निकाल घराघरातल्या चुलीपर्यंत पोहोचतो.

काडेपेटीचेही तेच. 14 वर्षे एका रुपयाला मिळणारी पेटी डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांची झाली. पण तोवर बाजारात स्वस्त परदेशी लायटर आले होते, आणि एक लायटर कित्येक पेट्यांचे गिऱ्हाईक पळवतो. कारखानदारांनी दिल्लीत खेटे घातल्यावर 2023 मध्ये 20 रुपयांहून कमी किमतीच्या लायटरच्या आयातीवर बंदी आली. मग लायटरचे सुटे भाग येऊ लागले, आणि त्यांच्याविरुद्ध पुन्हा अर्ज सुरू झाले.