जीवाणूंतील उत्परिवर्तन दर आणि प्राणवायू

जीवाणूंतील उत्परिवर्तन दर म्हणजे एका पेशीविभाजनामागे जीवाणूच्या डीएनएमध्ये नवा बदल घडण्याची सरासरी संभाव्यता होय. हा दर एखाद्या जातीसाठी कायमचा ठरलेला नसतो. सभोवतालचा प्राणवायू, अन्नाची उपलब्धता, पेशींची दाटी आणि प्रतिजैविकांचा संपर्क यांनुसार तो कमीजास्त होतो. औषधांना दाद न देणारे जीवाणू कसे उपजतात हे समजून घेण्यासाठी हा विषय महत्त्वाचा मानला जातो.

मापन

साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये ई. कोलाय हा जीवाणू अनेक नळ्यांत स्वतंत्रपणे वाढवून नंतर त्याला मारणाऱ्या विषाणूच्या संपर्कात आणला. तगून राहिलेल्या पेशींची संख्या नळीगणिक फार वेगळी आढळली. त्यावरून हे बदल विषाणूमुळे नव्हे, तर त्यापूर्वीच यदृच्छया घडले असल्याचे सिद्ध झाले. नळ्यांमधील या चढउतारावरून उत्परिवर्तन दर काढण्याची पद्धत आजही वापरात आहे. ई. कोलायच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात. वेगवेगळ्या अनुमानांनुसार या संपूर्ण संचात साधारण ३०० ते १,००० विभाजनांमागे एक नवे उत्परिवर्तन घडते.

प्राणवायूचा परिणाम

श्वसनक्रियेत प्राणवायूच्या रेणूला अपुरे इलेक्ट्रॉन मिळाल्यास सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेशीतील लोहाशी हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया होऊन अत्यंत क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो व तो डीएनएला इजा करतो. या इजेत ग्वानिन या बेसचे ८-ऑक्सोग्वानिन होते. त्याची जोडी सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जुळू शकते व पुढील प्रतिकृतीत ग्वानिन–सायटोसिन जोडीच्या जागी थायमिन–अ‍ॅडेनिन जोडी येते.

सुपरऑक्साइड डिसम्युटेज व कॅटलेज ही विकरे घातक रेणू नष्ट करतात, तर म्यूट-टी, म्यूट-एम आणि म्यूट-वाय ही विकरे ८-ऑक्सोग्वानिनमुळे होणाऱ्या चुका टाळतात वा दुरुस्त करतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नसलेल्या ई. कोलायमध्ये प्राणवायूच्या सान्निध्यात उत्परिवर्तने वाढतात, परंतु प्राणवायूविना ती वाढ दिसत नाही, असे १९८६ मध्ये दाखवण्यात आले.

तथापि ‘प्राणवायू जितका अधिक तितकी उत्परिवर्तने अधिक’ असा सरळ नियम मांडता येत नाही. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राणवायूविना वाढवलेल्या ई. कोलायचा उत्परिवर्तन दर सुमारे दुप्पट आढळला. उत्परिवर्तनांचे प्रकारही दोन्ही स्थितींत वेगळे होते.

वाढीच्या स्थितीचा परिणाम

मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, ई. कोलायची वस्ती दाट असताना उत्परिवर्तन दर घटतो व विरळ असताना वाढतो. उपासमार किंवा डीएनएची इजा यांमुळे पेशीतील ‘एसओएस’ प्रतिसाद जागृत होऊ शकतो. त्यात चुका अधिक करणारी प्रतिकृती-विकरे कामाला लागतात. जीवाणूंना न मारणाऱ्या अल्प मात्रेतील काही प्रतिजैविकेही उत्परिवर्तने वाढवतात.

भीमा खोऱ्यातील संदर्भ

पुणे शहरातून येणारी मुळा-मुठा नदी शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते व भीमा पुढे दौंड शहराजवळून वाहते. नदीच्या वाहत्या पृष्ठभागावर प्राणवायू भरपूर असतो, तर जलपर्णीखालच्या पाण्यात व तळच्या गाळात तो फार कमी असतो. या भागातील उसाच्या पाणथळ जमिनी, दुभत्या जनावरांसाठी केलेला मुरघास आणि गोबर गॅसच्या टाक्या याही प्राणवायू तुटपुंजा असलेल्या जागा होत. त्यामुळे प्रयोगशाळेत एका स्थितीत मोजलेला दर अशा सर्व ठिकाणी जसाच्या तसा लागू होत नाही.

पुण्यातील मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नदी शहरात शिरण्यापूर्वीच्या गाळाच्या तुलनेत शहरातील गाळात प्रतिजैविकरोधी जनुकांचे प्रमाण सुमारे ३० पट आढळले. अशी जनुके मुख्यतः सांडपाण्यातून येतात व प्लाझ्मिडांद्वारे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात; ती तेथेच नव्याने घडलेल्या उत्परिवर्तनांची फलनिष्पत्ती नसते. म्हणून औषधरोधाचे हे दोन मार्ग वेगळे समजावे लागतात. सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यास आयते रोधक जीवाणू कमी होतात.

क्षयरोगातील महत्त्व

क्षयाच्या जीवाणूत औषधरोध इतर जीवाणूंकडून येत नाही. तो गुणसूत्रावरील उत्परिवर्तनांतूनच उपजतो. हा जीवाणू फुप्फुसातील प्राणवायूयुक्त पोकळ्यांत तसेच प्राणवायू कमी असलेल्या गाठींत राहतो. त्याचे कॅट-जी हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करते आणि आयसोनियाझिड या औषधाला सक्रियही करते. त्याच्या जनुकात बिघाड झाल्यास हे औषध निष्प्रभ ठरते. दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारी पेशी उपजण्याची संभाव्यता ढोबळमानाने दोन्ही दरांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे अत्यल्प असते. क्षयावर एकाच औषधाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्यामागे हेच गणित आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. तो अनियमित घेतल्यास रोधक पेशी तगून वाढण्यास वाव मिळतो.