आधी मँडेटची यादी, मग ॲप

मागच्या भागात सॉफ्टवेअर घेण्याची रीत कशी बदलली ते पाहिलं. डीटीपीच्या कार्यालयात श्रीलिपीचं डाँगल एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालायचं, फोटोशॉपची सीडी कपाटात असायची. २०१३मध्ये ॲडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडची वाट धरली आणि पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळू लागल्या. आता अशाच कार्यालयातून फाइली साठवण्याची क्लाउडवरची जागा, डिझाइनचं साधन, हिशेबाचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आणि एखादं एआय असे पाच-सहा हप्ते वेगवेगळ्या तारखांना जातात. काही मालकाच्या कार्डावरून, काही ऑपरेटरच्या यूपीआयवरून. कोणता कुठून जातो हे सगळं एका माणसाला सांगता येईल असं क्वचितच घडतं.

मग या वर्गण्यांवर लक्ष ठेवायला आणखी एक ॲप घ्यावं का?

घेण्याआधी हाताशी काय आहे ते पाहावं. रिझर्व्ह बँकेने २०१९मध्ये कार्डावरच्या आवर्ती पैशांसाठी ई-मँडेटचे नियम काढले आणि मुदतवाढ देत देत १ ऑक्टोबर २०२१पासून ते सक्तीने लागू केले. मँडेट म्हणजे ‘दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे घ्या’ अशी ग्राहकाने दिलेली परवानगी. ती देताना ओटीपी किंवा पिन लागतो. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं आणि तेव्हा ग्राहकाला तो हप्ता किंवा सगळं मँडेटच थांबवता येतं. २०२२पासून १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकतो. नियम लागू झाले तेव्हा परदेशी कंपन्यांची मोठी पंचाईत झाली, हजारो लोकांचे हप्ते अडकले, आणि ॲपलने तर २०२२मध्ये ॲप स्टोअर व वर्गण्यांसाठी भारतातल्या ग्राहकांकडून कार्ड घेणंच थांबवलं. त्रास झाला हे खरं, पण त्यातून ग्राहकाच्या हाती परवानग्यांची एक यादी आली. ती मात्र फार थोडे लोक उघडतात.

यूपीआयवरची यादी फोनपे, गुगल पे किंवा भीममध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली सापडते. कार्डावरची यादी बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये असते; तिथे तिला ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्यांची यादी त्या त्या खात्यात, ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. तीन ठिकाणं पाहायला अर्धा तास पुरतो.

ही यादी वाचताना एका रकान्याकडे नीट बघायला हवं: कमाल रक्कम. यूपीआय ऑटोपे मंजूर करताना पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक वेळा महिन्याचा हप्ता नसतो, तर कंपनीला जास्तीत जास्त किती घेता येतील त्याची मर्यादा असते. एक-दोन रुपयांत चाचणी म्हणून घेतलेल्या ॲपच्या मँडेटवर कित्येकशे रुपयांची मर्यादा लिहिलेली असू शकते. घाईत पिन टाकणाऱ्याचं लक्ष दोन रुपयांवर असतं.

आणखी एक गैरसमज फार महागात पडतो. फोनवरून ॲप काढून टाकलं की वर्गणी बंद झाली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ॲप जातं, मँडेट राहतं.

याची उलट बाजूही आहे. मँडेट मोडलं म्हणजे करार मोडला असं नाही. ॲडोबीच्या ‘वर्षाचा करार, पैसे दरमहा’ या योजनेतून मधेच बाहेर पडलं तर उरलेल्या महिन्यांच्या हप्त्यांची निम्मी रक्कम मागितली जाते आणि ही अट ग्राहकापासून दडवली जाते, असा आरोप करत अमेरिकी सरकारने जून २०२४मध्ये कंपनीवर खटला भरला. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा स्टोअरमध्ये जाऊन वर्गणी रद्द करायची, रद्द झाल्याचा मेल जपून ठेवायचा, मग मँडेट काढायचं.

आता ॲपकडे वळू. अमेरिकेत रॉकेट मनी हे मोठं नाव. पूर्वी ते ट्रूबिल होतं. रॉकेट कंपनीजने २०२१मध्ये ते सव्वा अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतलं. ते बँक खात्याशी जोडलं जातं, व्यवहारांतून वर्गण्या हुडकतं आणि पैसे भरून सभासद झालेल्यांच्या वतीने त्या रद्दही करतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्याचा उपयोग आहे. पुण्यातल्या बँक खात्याला नाही. भारतात अशी कामं करणारी ॲप्स बहुधा एसएमएस किंवा मेल वाचण्याची परवानगी मागतात.

इथे अनरोल मीची गोष्ट आठवायला हवी. नको असलेले मेल बंद करून देणारी ही फुकट सेवा. तिची मालक कंपनी लोकांच्या मेलमधल्या पावत्यांची माहिती गोळा करून विकत होती आणि उबरची स्पर्धक टॅक्सी कंपनी लिफ्ट हिच्या पावत्यांवरची अशी माहिती उबरने घेतली होती, हे २०१७मध्ये उघड झालं. मेल वाचू देणाऱ्या ग्राहकांना त्याचा पत्ता नव्हता. वर्गण्यांची यादी करून घेण्यासाठी पगार, कर्ज, दवाखाना आणि ओटीपी यांचे सगळे संदेश एखाद्या अनोळखी कंपनीपुढे ठेवणं हा तोट्याचा सौदा आहे.

म्हणून हातानं भरायचं ॲप चांगलं. आयफोनवरचं बॉबी त्याच जातीचं आहे. ते बँकेशी जोडलं जात नाही, नाव, रक्कम आणि तारीख आपणच लिहायची. ॲप नको असेल तर गुगल शीट आणि कॅलेंडरवरही भागतं. फक्त पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: सेवेचं नाव, हप्ता जीएसटीसह, कोणत्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून जातो, खातं कोणत्या ईमेलवर आहे आणि नूतनीकरणाची तारीख. ईमेल सर्वांत महत्त्वाचा, कारण नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं खातं रद्द करणं फार जिकिरीचं होतं. वार्षिक वर्गणीची आठवण तारखेच्या दहा दिवस आधीची लावावी. बँकेची २४ तासांची सूचना रात्री आली आणि सकाळी वाचली, तर हातात थोडेच तास उरतात.

रद्द करण्याचं बटणच सापडत नसेल, तर तो ग्राहकाचा दोष नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांचे जे १३ प्रकार जाहीर केले, त्यांत वर्गणीचा सापळा आहे. अशा वेळी पडद्याचं छायाचित्र घ्यावं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पुढच्या भागात एकच परवाना घरातल्या किंवा कार्यालयातल्या अनेकांनी वापरण्याचे नियम पाहू. तोवर वाचकांनी आपली ऑटोपेची यादी एकदा उघडावी आणि गेल्या तीन महिन्यांत न वापरलेल्या सेवेचं मँडेट त्यात आहे का, ते पाहावं.