दगडावरील बीजक : खरे कोणते, खोटे कोणते?

गुप्तधनाची एखादी कथा नाही असे गाव खानदेशात सापडणे कठीण. कोठे पडक्या देवळाच्या मागे मोहरांचा हंडा असतो, कोठे गढीच्या तळघरात सोन्याने भरलेल्या कढया असतात. आणि या धनाची वाट दाखविणारा एक कोरीव दगड बहुधा जवळच उभा असतो. या दगडाला लोक ‘बीजक’ म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या व्यापाऱ्यांना बीजक ठाऊक आहे ते मालाच्या यादीचे. माल किती, कोणता, कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. गुप्तधनाचे बीजकही लोकसमजुतीप्रमाणे तसेच, म्हणजे पुरलेल्या मालाची दगडावर कोरलेली यादी आणि नकाशा. त्यावरील सूर्य म्हणजे पूर्व दिशा, चंद्र म्हणजे खणण्याची रात्र, गाय म्हणजे अमुक पावले, असे अर्थ सांगणारे जाणते भेटतात. मग पायाळू माणूस शोधला जातो, मांत्रिक बोलावला जातो, आणि एका अंधाऱ्या रात्री तो दगड उखडला जातो.

धन निघत नाही. पण दगड मात्र कायमचा जातो, आणि त्याबरोबर काय जाते याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडावा असा आमचा विचार आहे. कोरीव दगड पुढे आला की दोन प्रश्न विचारावे लागतात : हा खरा आहे काय? आणि हा सापडला कोठे? वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे दिसतात. परंतु दुसऱ्याचे उत्तर हरवले की पहिल्याचे उत्तर देणे किती अवघड होते, हे एका दूरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘सुपरस्टिशन’ नावाचा डोंगर आहे. त्या डोंगरात एक हरवलेली सोन्याची खाण आहे, अशी तिकडची दंतकथा. १९४९ साली एका प्रवाशाला त्या भागात रस्त्याजवळ काही कोरीव दगड मिळाले असे सांगतात. त्यांवर घोड्याचे चित्र आहे, झगा घातलेली एक आकृती आहे, वाटेसारखी वळणे घेत जाणारी रेघ व तिच्यावर टिंबे आहेत. एका दगडात बदामाच्या आकाराची खोबण असून तीत नेमका बसणारा दुसरा दगड आहे. ‘१८४७’ असा आकडा आणि काही स्पॅनिश शब्दही आहेत. १९६४ साली ‘लाइफ’ या प्रसिद्ध साप्ताहिकाने त्यांची छायाचित्रे छापली आणि हौशी माणसांची डोंगराकडे रीघ लागली.

त्यावर वाद पेटला तो अजून विझलेला नाही. स्पॅनिश शब्दांतील चुका दाखवून एक पक्ष म्हणतो, हे कोणा नवशिक्याने अलीकडे खोदले आहे. दुसरा म्हणतो, खाणीवरचा मजूर काही पंडित नव्हे, तो चुकणारच. मौज अशी की हा वाद तोडण्याचे साधन पहिल्याच दिवशी हातचे गेले होते. ते दगड नेमके कोठे व कसे मिळाले याच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल, हे पाहणारा व लिहून ठेवणारा त्या वेळी तेथे कोणी नव्हता. आता दगड समोर आहे, पण त्याचा साक्षीदार नाही. ज्या नकाशाची स्वतःचीच जागा ठाऊक नाही, तो इतरांना जागा काय दाखवणार?

आता आपल्याकडे वळू. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण हे जुने गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना हा परिसर परिचयाचा आहे. तेथे भवानीच्या पडक्या देवळात एक शिलालेख होता. गुप्तधनवाल्यांच्या हाती तो लागता, तर अक्षरांनी भरलेला एवढा मोठा दगड म्हणजे बीजकांचा राजाच ठरला असता! सुदैवाने तो डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या दृष्टीस पडला. १८६५ साली त्यांनी त्याची वार्ता विद्वानांपुढे ठेवली, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेले पंडित कीलहॉर्न यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापले.

या दगडाने काय सांगितले? सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांची वंशावळ सांगितली. त्रिविक्रमापासून आरंभ करून महेश्वर, त्याचा पुत्र भास्कर, त्याचा लक्ष्मीधर आणि त्याचा चांगदेव, अशा पिढ्या त्यात आहेत. हा चांगदेव यादवराजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटणास मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले, त्याचा हा लेख आहे. लेख मुख्यतः संस्कृतात आहे; परंतु शेवटी भाषा एकदम बदलते व मराठी सुरू होते. बाजारात येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा कोणता वाटा मठाला जावा, तेलाची पळी कोणी द्यावी, हे त्या भागात नमूद आहे. राजाची स्तुती पंडितांच्या भाषेत आणि बाजाराचा व्यवहार बाजाराच्या भाषेत! आठशे वर्षांपूर्वी या मुलखात व्यवहाराला मराठी लागत होती, याचा हा दगडी पुरावा होय.

परंतु हा लेख खरा कशावरून? शंका घेणे अनुचित नाही. जमीन आणि हक्क यांचा संबंध आला की लबाडीला वाव असतोच. पुराणलेखांचे मोठे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली बनावट लेखांची एक लांबलचक यादीच प्रसिद्ध केली होती. म्हणून अशा लेखांची पारख करण्याच्या काही कसोट्या अभ्यासकांनी ठरविल्या आहेत.

पहिली कसोटी अक्षराची. माणसाच्या पोषाखाप्रमाणे अक्षराचे वळणही शतकाशतकाला बदलते. बाराव्या शतकाचा आव आणणाऱ्या लेखात सोळाव्या शतकाचे वळण दिसले की चोर सापडला. दुसरी कसोटी भाषेची. शब्दांची रूपे, विभक्तीचे प्रत्यय, हुद्द्यांची नावे त्या काळाशी जुळली पाहिजेत. तिसरी कसोटी काळगणनेची, आणि ती भास्कराचार्यांच्या नातवाच्या लेखाला लावणे विशेष शोभून दिसते. लेखात शक ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा दानाचा काळ दिला आहे. गणित केले तर प्रभव संवत्सराची श्रावणी पौर्णिमा ९ ऑगस्ट १२०७ रोजी, गुरुवारी येते, आणि त्या रात्री चंद्रग्रहण होतेच. शकाच्या आकड्यात मात्र एका वर्षाचा फरक पडतो; प्रभव संवत्सर शक ११२९ चे. पण अशा एका वर्षाच्या तफावती अस्सल लेखांतही वारंवार आढळतात, आणि एवढ्यावरून कोणी हा लेख खोटा म्हटलेला नाही. संवत्सर, तिथी आणि ग्रहण ही तिन्ही एकमेकांशी जुळली, हे महत्त्वाचे.

चौथी कसोटी जागेची, आणि आमच्या मते ती सर्वांत मोलाची. लेखात एक लहानसा उल्लेख आहे. यादवराजा जैत्रपाल याने लक्ष्मीधराला ‘या नगरातून’ नेले व आपल्या सभेतील पंडितांचा अग्रणी केले, असे तो लेख म्हणतो. ‘या नगरातून’ म्हणजे कोणत्या? दगडावर उत्तर शोधून उपयोग नाही. उत्तर दगडाच्या पायाखाली आहे. दगड पाटणास होता म्हणून ‘हे नगर’ म्हणजे पाटण. तोच दगड कोणी रातोरात उचलून नेला असता व पुढे एखाद्या शहरातील दुकानात तो मिळाला असता, तर अक्षर तेच राहिले असते, तिथी जुळली असती, ग्रहणही जुळले असते. परंतु ‘या’ या एका शब्दाचा अर्थ कायमचा नष्ट झाला असता.

त्याचे परिणाम लहान नाहीत. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे सांगितले असून ते सह्य पर्वताच्या आश्रयाला आहे असे म्हटले आहे. हे गाव कोणते याविषयी वाद आहे. कोणी कर्नाटकातील विजापूर म्हणतात, कोणी बीड म्हणतात, तर कोणी हे पाटणच, अथवा त्याच्या जवळपासचे एखादे गाव म्हणतात. खानदेशाच्या बाजूने बोलणाऱ्याचा मुख्य आधार हाच दगड. अर्थात दगड सांगतो तेवढेच ऐकावे. भास्कराचार्य येथे जन्मले असे तो म्हणत नाही. त्यांचा पुत्र या नगरातून राजसभेत गेला व नातवाने येथे मठ काढला, एवढे तो सांगतो. त्याला पुष्टी मिळते ती त्याच तालुक्यातील, गिरणाकाठच्या बहाळ येथील लेखाची. शक ११४४ चा हा लेख भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातील अनंतदेवाचा असून त्याने तेथे भवानीचे देऊळ बांधल्याचे त्यात आहे. दोन दगड आपापल्या जागी राहिले, म्हणून एका घराण्याचा या मुलखाशी असलेला संबंध आज आपल्याला ठाऊक आहे.

जागा हरवल्याने अस्सल वस्तूही कशी वादात सापडते, याचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात घडले. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे एका झुडपाचे मूळ खणताना चार धातूच्या मूर्ती निघाल्या : रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. ज्यांना हंड्याचीच आस असते त्यांनी ध्यानात घ्यावे की हे खरोखरीचे निक्षेपधन होते, आणि त्याचे बीजक कोठेही कोरलेले नव्हते! म. के. ढवळीकर आदी विद्वानांनी या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील ठरविल्या. दुसरीकडे डी. पी. अगरवाल यांनी शंका काढली की यांतील धातूत सोमलाचे प्रमाण शेकडा एकाहून जास्त आहे, तर दायमाबादच्या इतर तांब्याच्या वस्तूंत ते तसे नाही. १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले व त्या जागेची बारकाईने छाननी केली. तरी मूर्ती उत्खननकाराच्या डोळ्यांदेखत थरातून निघाल्या नाहीत, ही उणीव पूर्ण भरून निघाली नाही. १९५५ साली बा. कृ. थापर यांनी तापीकाठच्या प्रकाशे येथे उत्खनन केले, तेव्हा साध्या खापराच्या तुकड्यालाही त्याच्या थराची नोंद लाभली. प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथील खापराला पत्ता आहे. दायमाबादच्या रथाचा पत्ता ऐकीव आहे.

मग गावोगावच्या दगडांवरील त्या सूर्यचंद्रांचा अर्थ काय? तो गूढ मुळीच नाही. ‘चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे’ अशी ती ग्वाही आहे. गाय-वासरू हेही दानाच्या दगडावर येणारे चिन्ह आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी गद्धेगाळ दिसतात. त्यांवरील गाढवाचे चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. वीरगळावर एकावर एक असे चौकोन असतात; खाली लढाईत पडलेला वीर, वर अप्सरांनी स्वर्गात नेलेला वीर, आणि शेवटी शिवलिंगाची पूजा. हे मरणाचे स्मारक आहे, तिजोरीची किल्ली नव्हे. जरा व्यवहारबुद्धीने पाहावे. धन पुरणारा माणूस खूण लपवतो. दान देणारा माणूस खूण चव्हाट्यावर उभी करतो. चारचौघांना दिसेल असा कोरलेला दगड गुप्त ठेव्याचा नकाशा असेल, ही कल्पनाच मुळात उलटी आहे.

या उलट्या कल्पनेपायी माणसे फसतात, घरे कर्जात बुडतात, आणि क्वचित नरबळीपर्यंत मजल जाते. म्हणूनच २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरविले आहेत. जमिनीत खरोखरच काही निघाले तर त्यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविणे बंधनकारक असून प्रामाणिकपणे कळविणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद त्यात आहे.

तेव्हा कोरीव दगड आढळल्यास काय करावे? तो हलवू नये. त्याला शेंदूर, चुना अथवा तेल लावू नये. अक्षरे खिळ्याने उकरून ‘स्पष्ट’ करू नयेत. आहे त्या जागी त्याचे छायाचित्र घ्यावे, कोणाच्या शेतात, कोणत्या दिशेला तोंड करून, कशाच्या शेजारी तो आहे हे लिहून ठेवावे आणि तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. जुन्या लेखांविषयी विचारायला खानदेशच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही.

पाटणच्या दगडाखाली मोहरांचा हंडा निघाला असता, तर तो वाटून एका पिढीत संपला असता. त्याऐवजी त्या दगडाने एका गणितज्ञाचे घराणे दिले, एका विद्यापीठासारख्या मठाची तिथी दिली आणि आपल्या बाजाराची आठशे वर्षांपूर्वीची मराठी दिली. हे बीजक खरे. मात्र ते वाचता येते ते दगड जागेवर असेल तोपर्यंतच.