गोळ्या दोन, औषध एकच

सत्तरीच्या रुग्णाला भरती करताना नातेवाइकांनी औषधांची पिशवी सोबत आणली आहे, असं समजू. त्यात रक्तदाबासाठी ‘टेल्मा-एएम’ आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली ‘अ‍ॅमलाँग’ही. नावं वेगळी, स्ट्रिपा वेगळ्या, पण अ‍ॅम्लोडिपिन दोन्हींत. पहिलीत ते टेल्मिसार्टनच्या जोडीला, दुसरीत एकटंच. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते, आणि मात्रा वाढली की तिची शक्यताही वाढते. ती सूज पाहून कुणी लघवीची गोळी सुरू केली, की एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध चढतं.

भरतीच्या वेळी, वॉर्ड बदलताना आणि डिस्चार्ज देताना रुग्णाची जुनी-नवी औषधं ताडून पाहण्याला मेडिकेशन रिकन्सिलिएशन म्हणतात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट हे काम हाताने करतातच, पण रात्रपाळीच्या धांदलीत जोडगोळीतला लपलेला घटक नजरेतून सुटतो. सॉफ्टवेअर ब्रँडचं नाव फोडून त्यातले घटक आणि मात्रा समोर मांडतं आणि दुबार आलेल्या घटकावर बोट ठेवतं. मात्र त्यासाठी प्रत्येक ब्रँडची घटकांसह नोंद हवी. एकाच औषधाचे कितीतरी ब्रँड विकले जाणाऱ्या आपल्या देशात हे सोपं नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आरोग्य-नोंदींच्या मानकांसाठी असलेल्या राष्ट्रीय केंद्राने ‘कॉमन ड्रग कोड्स फॉर इंडिया’ हा संच त्यासाठीच तयार केला आहे. हे काम फारसं कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

अशा सॉफ्टवेअरचा उपयोग किती? बोस्टनच्या दोन रुग्णालयांत ३२२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अपाय होऊ शकेल अशा तफावती नेहमीच्या पद्धतीच्या गटात रुग्णामागे सरासरी १.४४ होत्या, तर संगणकीय साधन आणि कामाची नवी पद्धत एकत्र वापरलेल्या गटात १.०५. पण फायदा ठळक दिसला तो एकाच रुग्णालयात. मला यातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नुसतं साधन पुरत नाही. परवडत नाही म्हणून बंद केलेली गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं वेदनाशामक, वैद्यांचा काढा, यांतलं काहीच यंत्राला आपोआप कळत नाही. कुणीतरी खाटेजवळ बसून, न रागावता, विचारावं लागतं.

आता ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकामुळे जुन्या नोंदी एका दवाखान्यातून दुसऱ्यात पोहोचू शकतात. पण तिथे हस्ताक्षरातल्या चिठ्ठीचा नुसता फोटो चढवला, तर औषधं ताडून पाहायला पुन्हा माणसालाच बसावं लागेल. तालुक्याच्या दवाखान्यातही औषध लिहितानाच त्याचा कोड नोंदवला जाईल, इतकं सोपं सॉफ्टवेअर आधी हवं.