यंत्र चुकणार नाही कशावरून?

गेल्या वर्षी इंदूरमधील माझ्या दवाखान्यात एक आई टाइप वन मधुमेह असलेल्या आपल्या मुलाला घेऊन आली. स्वयंचलित इन्सुलिन पंपाविषयी बोलता बोलता तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, रात्री आम्ही झोपेत असताना हे यंत्र चुकणार नाही कशावरून?" मी धीर दिला, उत्तर मात्र मला शोधावे लागले.

अशा यंत्रणेस अभियंते 'संकरित नियंत्रण प्रणाली' म्हणतात. रक्तातील साखर अखंड चढत-उतरत असते. पंप मात्र ठरावीक क्षणी निर्णय घेतो. हा मेळ संगणकावर तपासण्याची साधने दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार सिम्युलेशनचा, म्हणजे आभासी चाचणीचा. 'सिम्युलिंक' हे त्यातील सर्वपरिचित साधन. व्हर्जिनिया व पादुआ विद्यापीठांनी ३०० आभासी रुग्णांचे प्रतिरूप घडविले. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पंपांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांऐवजी ते ग्राह्य मानले. तथापि, तीनशे रुग्णांना मानवलेले औषध पुढच्यास बाधणारच नाही, असे आपण कधी म्हणतो काय?

दुसरा प्रकार पडताळणीचा. येथे एकेक रुग्ण न घेता सर्व शक्यता एकत्र तपासल्या जातात. 'उप्पाल' हे साधन वेळेचे हिशेब चोख तपासते, म्हणून ते पेसमेकरला साजेसे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दोन कप्प्यांच्या पेसमेकरचे प्रतिरूप त्यावर तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. साखरेचा वक्र मात्र निव्वळ घड्याळांत मावत नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे तयार झालेले 'स्पेसएक्स' (रॉकेटच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही) साखरेसारखी राशी कोणकोणत्या मर्यादांत फिरू शकेल, याचा पट्टा काढते. परंतु त्यास समीकरणे रेषीय लागतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'कीमेरा एक्स' अवघड समीकरणांचीही गणिती सिद्धता देते. मात्र बहुधा जाणकाराने त्याचा हात धरावा लागतो.

म्हणजे आभासी चाचणी दोष लवकर दाखविते, पण दोष नाहीच याची हमी देत नाही. सिद्धता हमी देते, पण ती कागदावरच्या प्रतिरूपापुरती. नळी तुंबणे, सेन्सर सैल होणे, मुलाला ताप येणे हे प्रतिरूपात लिहिलेच नसेल, तर सिद्धताही त्याविषयी मौन पाळते.

पुढील भेटीत मी त्या माउलीला एवढेच सांगितले, "यंत्र पुष्कळ तपासलेले आहे, पण तुमच्या घरातली प्रत्येक रात्र त्या तपासणीत नव्हती. सूचनेचा आवाज झाला की उठा आणि बोटातून रक्त काढून साखर पाहा."

आपणां डॉक्टरांनीही यंत्र सुचविताना विक्रेत्यास विचारावे : तपासणी कोणत्या साधनाने केली, आणि काय गृहीत धरून?