मोकळे इंद्रिय

श्रोतेहो, हे भाषण ऐकताना आपणांपैकी कुणी भाजी निवडीत असेल, कुणी शिवणयंत्रावर बसले असेल, तर कुणी मोटारीतून घरी परतत असेल. वक्त्याने त्याबद्दल रुसण्याचे कारण नाही. नभोवाणीचा मोठा गुण हाच की, ती केवळ कान मागते. डोळे आणि हात श्रोत्याच्या स्वाधीन ठेवते. ही गोष्ट अंगवळणी पडल्यामुळे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. परंतु माणसाच्या उपयोगासाठी एखादे यंत्र, एखादी इमारत किंवा रस्ता घडविणाऱ्याला अगदी आरंभी हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : ज्याच्याशी मला बोलावयाचे आहे, त्याचे कोणते इंद्रिय या क्षणी मोकळे आहे? या प्रश्नाचा विचार आज आपण राजधानी दिल्लीतील काही उदाहरणांच्या साहाय्याने करणार आहोत.

आपल्या परंपरेने ज्ञानेंद्रिये पाच मानली आणि प्रत्येकाला त्याचा विषय नेमून दिला. कानाला शब्द, त्वचेला स्पर्श, डोळ्याला रूप, जिभेला रस आणि नाकाला गंध. सांख्यांनी याखेरीज मनालाही इंद्रियांतच गणले. मात्र त्याचे काम निराळे, इंद्रियांनी आणलेल्या बातम्यांचा मेळ घालण्याचे. आधुनिक शरीरशास्त्राने या यादीत आणखी भर घातली आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे एक स्वतंत्र अवयवसाधन आहे, आणि स्नायू व सांधे यांतून आपले अवयव कोठे आहेत याची वार्ता मेंदूला सतत पोहोचत असते. म्हणूनच अंधारातही आपले बोट नाकाच्या शेंड्यावर बिनचूक टेकते.

मेळ घालण्याचे हे काम किती खोलवर चालते, हे १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी चित्रपटात एका व्यक्तीचे ओठ 'ग' म्हणताना दाखविले आणि त्याच वेळी आवाज मात्र 'ब' चा ऐकविला. पाहणाऱ्या बहुतेक प्रौढांना ऐकू आला तो 'द'! डोळे मिटताच पुन्हा 'ब' स्पष्ट ऐकू येई. कान आणि डोळे यांनी दोन वेगळ्या बातम्या आणल्या की मन त्यांतून तिसरीच गोष्ट उभी करते, आणि तीच खरी मानते. इंद्रियांना परस्परविरोधी निरोप देणारे यंत्र माणसाला फसवते. उलट, एकच निरोप दोन इंद्रियांना मिळाला तर तो अधिक लवकर आणि अधिक खात्रीने पटतो.

प्रत्येक इंद्रियाचा स्वभावही निराळा आहे. डोळा एका दृष्टिक्षेपात पुष्कळ पाहतो, पण तो वळवावा लागतो. पाठीमागचे त्याला दिसत नाही. कानाला पापणी नाही. तो झोपेतही उघडा असतो, आठही दिशांचे ऐकतो, आणि आवाजाला मिळणारा प्रतिसाद प्रकाशाला मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा सेकंदाच्या काही शतांशांनी लवकर येतो. मात्र गोंगाटात तोच प्रथम निकामी होतो. स्पर्श जवळचेच सांगतो, पण जे सांगतो ते खासगीपणे. शेजारच्याला त्याचा पत्ता लागत नाही. हे तिन्ही स्वभाव ओळखून कामाची वाटणी करणे, हीच अशा रचनेची खरी विद्या होय.

आता दिल्लीच्या एखाद्या रस्त्यावरून पांढरी काठी घेऊन एकट्याने जाणारी दृष्टिहीन व्यक्ती डोळ्यांसमोर आणावी. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. काठीचे टोक जमिनीवरून डावी-उजवीकडे फिरते आणि खड्डा, पायरी, पदपथाची कड यांची खबर मनगटाला देते. तिच्या टकटकीच्या पडसादावरून भिंत जवळ आहे की मोकळी जागा, हेही सरावाने कळते. परंतु गुडघ्याच्या वरचे जग या काठीला कळत नाही. झुकलेली फांदी, उभ्या मालमोटारीचे मागे आलेले फळकूट, भिंतीबाहेर डोकावणारी वातानुकूलन यंत्राची पेटी, दुकानाची खाली टांगलेली पाटी, या सर्वांच्या खालून काठी बिनधोक निघून जाते आणि कपाळ मात्र जाऊन आदळते. अशी इजा दोन-तीनदा झाली की माणूस एकट्याने बाहेर पडणे सोडतो. मग शिक्षण, नोकरी, स्नेह्यांच्या भेटी या साऱ्या गोष्टी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतात.

दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या अडचणीवर काम केले. दृष्टिहीनांसाठी कार्य करणारी दिल्लीची 'सक्षम' ही संस्था, चेन्नईचा फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स हा कारखाना आणि इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट यांचे साहाय्य त्यांना लाभले. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर २०१४ साली 'स्मार्टकेन' या नावाने हे साधन उपलब्ध झाले. नेहमीच्या पांढऱ्या काठीच्या वरच्या भागावर बसविता येणारी ती एक मूठ आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. या मुठीतून त्याच्याही पलीकडचा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी बाहेर पडतो आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. वटवाघूळ अंधारात वाट काढते ती याच रीतीने. तीन मीटर अंतरावरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत यावयास ध्वनीला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. त्या वेळावरून अंतराचा हिशेब होतो, आणि मूठ हातात थरथरू लागते. वस्तू जसजशी जवळ येईल तसतसा थरथरण्याचा प्रकार बदलतो.

येथे कुणी विचारील, यंत्राने सरळ बोलून का सांगू नये? 'समोर फांदी आहे' असे शब्द कानी पडले तर ते अधिक सोपे नव्हे काय? डोळसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रस्त्यावरच्या दृष्टिहीन माणसाचे कान मोकळे नसतात. मागून येणारी मोटार, कडेने जवळजवळ निःशब्द सरकणारी विजेवरची रिक्षा, पुढच्या माणसाची पावले, स्वतःच्या काठीची टकटक, हे सर्व त्याला एकाच वेळी ऐकावयाचे असते. त्याचे कान हेच त्याचे डोळे झालेले असतात. त्या कानांत यंत्राची बडबड ओतणे म्हणजे डोळस माणसाच्या डोळ्यांपुढे फलक धरून त्याला 'पुढे खड्डा आहे' असे वाचावयास लावणे. तळहात मात्र या वेळी काठी धरण्यापलीकडे फारसे काही करीत नसतो. शिवाय त्वचेच्या खोलवर असलेल्या पॅसिनीच्या कणांना सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपने विलक्षण सूक्ष्मपणे जाणवतात. म्हणून निरोप द्यावयाचा तो हाताला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या साधनाने जुन्या काठीला रजा दिलेली नाही. जमिनीवरचा खड्डा अजूनही काठीचे टोकच शोधते. नवे यंत्र फक्त काठीला जे कळत नव्हते तेवढेच सांगते. पुढे आहे ती फांदी की पाटी, हेही ते सांगत नाही. 'काहीतरी आहे, थांब' एवढेच सांगते. वाटेवरून जाणाऱ्याला त्या क्षणी तेवढेच हवे असते. बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे ३,००० रुपये होती. कमी सांगणारे यंत्र स्वस्त ठेवता येते आणि अनेकांच्या हाती पोहोचते, हाही विचार यात आहे.

याच प्रयोगशाळेने बसच्या प्रवासासाठी जे साधन तयार केले, त्यात मात्र स्पर्शाऐवजी आवाजाची निवड केली, आणि तीही तितकीच योग्य ठरते. थांब्यावर दोन-तीन बसगाड्या मागेपुढे येऊन उभ्या राहतात. त्यांतली आपली कोणती आणि तिचे दार कोठे, हे दोन प्रश्न दृष्टिहीन उतारूपुढे असतात. 'ऑनबोर्ड' नावाच्या या योजनेत उतारूच्या हातातील छोट्या यंत्राला गाडीचा क्रमांक रेडिओलहरींनी कळतो, आणि कळ दाबताच खुद्द गाडीच्या दाराशी बसविलेला ध्वनिक्षेपक बोलू लागतो. क्रमांक हातातल्या यंत्रानेही सांगितला असता. पण दार कोठे आहे हे दाराकडून आलेला आवाजच सांगू शकतो. एका कानाला आवाज दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून आपण दिशा ओळखतो. दिल्लीप्रमाणे मुंबईतही बेस्टच्या गाड्यांवर या योजनेची चाचणी झालेली आहे. वाटेवर हात आणि थांब्यावर कान : इंद्रिय ठरते ते यंत्र करणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे, तर प्रसंगावरून.

एकच निरोप अनेक इंद्रियांना कसा द्यावा, हे दिल्लीच्या मेट्रोत दिसते. शाहदरा ते तीस हजारी हा तिचा पहिला टप्पा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला. स्थानकात पाऊल ठेवताच जमिनीवर पिवळ्या लाद्यांची एक पट्टी दिसते. तिच्यावर लांबट उंचवटे असतील तर त्याचा अर्थ 'चालत राहा', आणि गोल ठिपके असतील तर 'थांबा, पुढे जिना किंवा फलाटाची कड आहे'. पायाच्या तळव्याने वाचावयाची ही लिपी जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधून काढली आणि १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम रस्त्यावर बसविली. तिचा रंग ठळक पिवळा असतो याचेही कारण आहे : दृष्टिहीन म्हणून गणल्या जाणाऱ्या पुष्कळांना अंधुक दिसत असते, आणि करड्या फरशीवरचा हा रंग त्यांना ओळखू येतो. गाडीत येणारे स्थानक पाटीवर दिसते आणि कानांवरही पडते. शम्मी नारंग यांचा हिंदी आणि रिनी सायमन खन्ना यांचा इंग्रजी आवाज दूरदर्शनच्या बातम्यांमुळे लोकांच्या ओळखीचे होते. तेच मेट्रोने घेतले. दार मिटण्यापूर्वी सूचक ध्वनी होतो, आणि उद्वाहकाच्या कळांवर ब्रेल लिपीतील ठिपके असतात.

या सोयींचा लाभ केवळ अपंगांनाच होतो असे नाही. पुस्तकात गढलेला विद्यार्थी, भाषा न वाचता येणारा परप्रांतीय मजूर, चष्मा घरी विसरलेल्या आजीबाई, गर्दीत पाटी न दिसणारा उंचीने लहान मुलगा, या सर्वांचे एखादे इंद्रिय त्या क्षणी कामात असते किंवा अपुरे असते. आपण प्रत्येक जण दिवसातून कितीतरी वेळा असे अंशतः अंध वा बधिर असतो.

गंधाचे स्थान या सर्वांत थोडे वेगळे आहे. जुन्या दिल्लीत खारी बावलीचा मसाल्यांचा बाजार आला हे सांगावयास पाटी लागत नाही. मिरचीचा ठसका ते काम करतो. परंतु वास वाऱ्याबरोबर भरकटतो आणि हवा तेव्हा बंद करता येत नाही, म्हणून यंत्र घडविणारे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. याला एक मोठा अपवाद आपल्या स्वयंपाकघरात आहे. इंधनाच्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात एका शाळेत साठलेला वायू कुणाच्या लक्षात न येता पेटला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा वायूत गंधकयुक्त उग्र द्रव्य मिसळण्याचा नियम तेथे झाला, आणि आज आपल्या सिलिंडरमध्येही ते मिसळलेले असते. अंधारात, दुसऱ्या खोलीत, हातात काम असतानाही नाकाला कळते. डोळे आणि कान दोन्ही गुंतलेले असता जीव वाचविणारी ही योजना आहे.

काही ठिकाणी तर एका इंद्रियाला आपण स्वतःच बंदी घातलेली असते. संग्रहालयात 'हात लावू नये' ही पाटी असतेच, आणि मूळ मूर्तीच्या रक्षणासाठी ती असावयासही हवी. पण डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्याला तिचा अर्थ 'तुम्ही येऊ नये' असाच होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले तेव्हा त्यात २२ वस्तूंच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहण्यासाठी मांडल्या होत्या. जोडीला ब्रेल लिपीतील आणि ध्वनिमुद्रित माहिती होती. मूर्तीच्या वस्त्राची चूण बोटांनी अनुभवणे हे डोळसांनाही क्वचितच लाभते.

तथापि, श्रोतेहो, कितीही विचारपूर्वक केलेली रचना शेवटी आपल्या वागण्यावर अवलंबून असते. रस्त्याच्या कडेची पिवळी पट्टी आपल्या शहरांत अनेकदा विजेच्या खांबापाशी जाऊन थांबते, नाहीतर तिच्यावर दुचाकी उभी केलेली असते. डोळसाला ती केवळ रंगीत फरशी वाटते. दुसऱ्या कुणाच्या पायांना मात्र ती वाक्य असते, आणि ते अर्ध्यावर तुटलेले असते. यापुढे स्थानकावर गाडीची वाट पाहताना आपण सामान कोठे ठेवतो आणि स्वतः कोठे उभे राहतो, याकडे एकदा पाहावे. पायाखाली उंचवटे लागले तर दोन पावले बाजूला व्हावे, म्हणजे मागून येणाऱ्याला आपल्याला विचारावे न लागता पुढे जाता येईल.